सहा वर्षांची पाहुणी

बत्तीस वर्षं मी नाशिकच्या कोर्टात फुकटची वकील होते. हे मी म्हणत नाही, पक्षकार बायका म्हणायच्या. व्हरांड्यात एकमेकींना दाखवायच्या, "ती बघ, चष्मेवाली, ती फुकटची." कागदोपत्री आम्ही विधी सहाय्य पॅनेलवरचे विधिज्ञ. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकार वकील देतं, आणि बायकांना तर उत्पन्नाचीही अट नाही. बंगल्यात राहणारी बाईसुद्धा मागू शकते. पण सहसा मागत नाही. फुकटचा वकील म्हणजे रेशनचा तांदूळ, खडे निवडूनच घ्यावा लागणार, अशी सगळ्यांची खात्री असते.

सुनंदाबाईंनी तर पहिल्याच फोनवर विचारलं होतं, "बाई, तुमी खऱ्या वकील हाय ना? का शिकाऊ?"

तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते.

"खरीच आहे," मी म्हटलं.

"मंग फुकट का?"

ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सुनंदाबाईंची गोष्ट मात्र सापडलेली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मी तुम्हाला दिवाळीच्या फराळाकडे जाऊ देणार नाही. पण त्याआधी मी स्वतः काय चीज होते ते सांगायला हवं, नाहीतर माझ्या फजितीची गोडी तुम्हाला कळायची नाही.

मी वकिली सुरू केली तेव्हा इतकी हुशार होते की बोलायची सोय नव्हती. मला कोर्टाच्या मराठीचं वेड लागलं होतं. त्या मराठीत माणूस नसतो, इसम असतो. तो राहत नाही, वास्तव्य करून असतो. एखादी गोष्ट लगेच थांबवा असं साधं म्हणायचं असेल तर 'तूर्तातूर्त मनाई' मागायची. तूर्तातूर्त! तो शब्द मी घरात येता-जाता म्हणायचे. एकदा पंगतीत सासूबाईंना म्हणाले, "सदरहू आमटीत मीठ कमी आहे." सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी जे बोलल्या ते मी इथे लिहू शकत नाही.

माझी अगदी पहिली फुकटची केस एका बाईच्या पोटगीची होती. रात्रंदिवस खपून दावा लिहिला, तिला समोर बसवून चढ्या आवाजात वाचून दाखवला. तिच्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, काय ही माझ्या लेखणीची ताकद. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "बाई, एवढं वाईट-वाईट लिहिलंय, हे माझ्याच विरुद्ध आहे का?"

मी म्हटलं, "तुम्ही काळजी करू नका. तुम्ही फक्त सही करा."

ह्या एका वाक्यावर माझी अर्धी वकिली झाली.

कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात कोर्टाचं कामकाज जवळजवळ थांबलं. अगदी तातडीचं काम असेल तरच मोबाईलच्या पडद्यावर सुनावणी. विधी सहाय्याच्या कार्यालयानं आम्हा काही जणांचे नंबर लोकांना दिले, आणि गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, फ्रिज आणि बाल्कनीच्या मधल्या जागेत, माझं ऑफिस उघडलं. लोकांना वाटलं हीच कोविडची हेल्पलाइन. कुणी विचारायचं गावी जायचा पास कुठे मिळतो, कुणी विचारायचं भाजी धुवायच्या पाण्यात मीठ किती टाकू. मी मिठाचंही सांगायचे. एक बादलीला दोन मुठी. सबंध वकिलीत इतक्या ठामपणे मी दुसरा सल्ला दिलेला नाही.

एके दिवशी सिडकोतून एका बाईचा फोन आला. बाथरूममध्ये नळ सोडून, कुजबुजत बोलत होती. नवऱ्यापासून सुटका हवी म्हणाली. चोवीस तास घरात असतो आणि कोथिंबीर कशी निवडावी ते सांगतो. मी नाव-पत्ता लिहून घेतला. अर्ध्या तासानं एका गृहस्थांचा फोन. गच्चीवरून. बायको माझं काहीएक ऐकत नाही, मला घटस्फोट पाहिजे. पत्ता तोच. आता एकाच भांडणात एका वकिलाला दोन्ही बाजू घेता येत नाहीत. तेवढंच सांगून फोन ठेवायचा होता. पण मी म्हटलं, "तुमचं काम मला घेता येणार नाही, तुमच्या पत्नीचं आधीच आलंय." हे मी सांगायला नको होतं. ते गृहस्थ म्हणाले, "तिनं? माझ्या आधी?" त्या आवाजात राग कमी आणि कौतुक जास्त होतं. आठवड्यानं दोघांनी मिळून स्पीकरवर फोन केला. त्यांचं मिटलं होतं. आता दोघांची तक्रार माझ्याविरुद्ध होती.

असं हसू येणारं पुष्कळ होतं. पण एक फोन मालेगावहून आला होता. नवरा यंत्रमागावर कामाला, त्याच आठवड्यात गेलेला. दिरानं कागद समोर ठेवला होता, अंगठा दे नाहीतर घर सोड. ती मला एवढंच विचारत होती, "मॅडम, अंगूठा लगा दूँ क्या?" मी म्हटलं, अजिबात नको, कोर्ट उघडलं की कागद घेऊन या. ती म्हणाली, "तब तक किधर रहूँ?" तेव्हा मी तिला कलम सांगितलं. कलमात कुणी राहू शकत नाही हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. मी परत लावला तर नंबर बंद, दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशीही बंद. तो नंबर अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे.

त्याच्याच नंतरच्या आठवड्यात सुनंदाबाईंचा फोन आला.

सुनंदाबाई एका दवाखान्यात वॉर्डातल्या मावशी. डॉक्टर सांगतात, सिस्टर लिहितात आणि बाकीचं सगळं मावशी करतात. चादरी, भांडं, पुसणं, भरवणं, रडणाऱ्याला गप्प करणं. त्या उन्हाळ्यात त्यांचा वॉर्ड कोविडचा झाला होता. पन्नाशीच्या, विधवा, माहेर-सासर दोन्ही मनमाडचं, लेकही दिलेली मनमाडलाच. नाशिकरोडला नानांच्या घरामागच्या एका खोलीत त्या सहा वर्षं राहत होत्या. खोलीवर नानांची गच्ची.

हे नाना म्हणजे एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले कारकून. सारी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदाची नोंद करायची. निवृत्त झाल्यावर शिक्का कार्यालयात राहिला, पण हात राहवेना, म्हणून नाना स्वतःच अर्ज करू लागले. गल्लीतला दिवा गेला, अर्ज. कुत्री भुंकली, अर्ज. शेजारच्या आंब्याची पानं अंगणात पडली, अर्ज. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन यायचे. त्या शिक्क्याच्या प्रतीला पोच म्हणतात. नानांकडे पोचांच्या सात फायली होत्या. मराठीत पोच ह्या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. ती कुठल्या कार्यालयात मिळते हे नानांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण ते पुढे येईलच.

तर फोनवर सुनंदाबाई सांगत होत्या, "काल ड्युटीवरनं आले तं दाराला दुसरं कुलूप. माझ्या कुलपाच्या वर त्यांचं. मी हाक मारली तं नाना गच्चीतनं बोलले. म्हनले, मावशी, तुमी देशासाठी लय मोठं काम करून राहिल्या. पन आता ते तिकडंच राहून करा."

"ह्यांनी कोरोना योद्ध्यांसाठी थाळीही वाजवली असेल ना?"

"थाळी नाय, परात. पोचे आलेत तिला. मला दाखवली बी हुती, मावशी तुमच्यासाठी म्हून."

"आता तुम्ही कुठे आहात?"

"दवाखान्यात. धुतलेल्या चादरींच्या खोलीत. चादरींवरच निजते. पन तिथं सिस्टर, वॉर्डबॉय, समदे येऊन-जाऊन ऱ्हातात, बाई. डोळा लागला का कोनीतरी चादर वढतं."

मी वही उघडली. "खोलीत सामान काय काय आहे?"

"गहू."

"धान्य," मी लिहिलं. "अजून?"

"धान्य नाय वो. भिजत घातलेले. कुरडईचे. परवाच्याला घातले. रोज पानी बदलावं लागतं त्याचं. लेकीला दर साल धाडते मी मनमाडला."

"बरं, बरं. पलंग आहे का?"

लोखंडी पलंग एक, पत्र्याची पेटी एक, गॅसची शेगडी एक, देवाच्या तसबिरी तीन. सगळं ओळीनं लिहिलं. गहू लिहिले नाहीत. कोर्टाच्या कागदात भिजलेले गहू बरे दिसले नसते.

इथे कायदा कसा आहे तो सांगते, फार सोपा आहे. घर कोणाचं, हे तो विचारतच नाही. तो एवढंच विचारतो की कालपर्यंत आत कोण राहत होतं, आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला बाहेर कुणी काढलं. घरमालक असला तरी त्याला आपणहून कुलूप ठोकता येत नाही. म्हणजे सुनंदाबाई त्या खोलीत राहत होत्या एवढं दाखवलं की काम झालं. आणि तेवढंच दाखवता येत नव्हतं. करारनामा नाही, पावती नाही, लाईटचं बिल नानांच्या नावाचं, आधार कार्डावर पत्ता मनमाडचा. मोबाईल बटणांचा, त्यात एकही फोटो नाही. शेजारीपाजारी नानांच्या अर्जांना भिऊन होते, कोणी बोलायला तयार नाही.

नानांना नोटीस गेली. समोरच्या बाजूनं जे उत्तर द्यायचं असतं त्याला कोर्टात 'म्हणणं' म्हणतात. नानांचं म्हणणं अकरा पानांचं आलं. वकील लावला नव्हता, स्वतःच लिहिलं होतं. चौथ्या पानावर मुद्द्याची गोष्ट होती. 'वादी ही प्रतिवादीचे दूरचे नात्यातील पाहुणी असून माणुसकीचे नात्याने तात्पुरता मुक्काम करून होती व मुक्काम आटोपून स्वखुशीने निघून गेली.'

भाषा माझ्यापेक्षा सरस होती, हे मला जास्त झोंबलं. मी सुनंदाबाईंना फोनवर वाचून दाखवलं.

"पाव्हनी?" त्या म्हणाल्या. "सहा वर्सांची पाव्हनी? आवो, एकदा कपभर चहा नाय पाजला त्यानी!" मग लगेच, "गव्हाचं लिवलं का तुमी?"

"सुनंदाबाई, केस खोलीची आहे. गव्हाची नाही."

"पन खोलीत गहूच हायत ना."

रोज त्यांचा फोन यायचा आणि रोज त्या आकडा सांगायच्या. बाई, आज पाचवा दिस. बाई, आज सातवा, आता वर फेस धरला आसंल. बाई, आज नववा, आता मला बोलवत नाय. मी इकडे जुने निकाल काढत बसले होते, ताबा म्हणजे काय ह्यावर. टेबलभर पुस्तकं पसरली होती. आमचे हे, निवृत्त शिक्षक, जेवायला जागा नाही म्हणून ओट्यापाशी उभ्यानं जेवत होते. एकदा घास तोंडात असतानाच म्हणाले, "ती बाई रोज गहू गहू करते, तिला एकदा विचार तरी, त्याचं काय." मी म्हटलं, "तुम्हाला कायद्यातलं काय कळतं?" ते म्हणाले, "मला गव्हातलंही कळत नाही." विषय तिथे संपला.

बाराव्या दिवशी सुनावणी लागली.

मी घरातल्या गाउनवरच काळा कोट चढवला. दीड-दोन महिन्यांत तो कोट तरी आटला होता किंवा मी तरी फुगले होते, बटण काही लागेना. गळ्यात वकिलाचा पांढरा बँड. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. यांना ताकीद दिली, मागून जायचं नाही, शिंकायचं नाही, कुकर लावायचा नाही.

पडद्यावर एका चौकोनात न्यायाधीशबाई, तोंडावर मास्क. दुसऱ्या चौकोनात छताचा पंखा. तो गरगर फिरत होता.

"प्रतिवादी आहेत का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हजर आहे!" पंखा म्हणाला.

"आपण दिसत नाही आहात. मोबाईल सरळ धरा."

खडखड झाली. आता पंखा उलटा फिरू लागला. न्यायाधीशबाईंनी पुढे प्रयत्न केला नाही.

तिसऱ्या चौकोनात डोक्यापासून पायापर्यंत पांढरा प्लास्टिकचा सूट, चष्म्यावर वाफ धरलेली. मागे जिना. एका सिस्टरनं आपला मोबाईल धरला होता.

"ह्या कोण?"

"वादी आहेत, मॅडम."

"चेहरा दिसत नाही."

"ड्युटीवर आहेत, मॅडम. सूट काढला तर आज दुसरा मिळणार नाही."

सूटवर छातीपाशी मार्करनं लिहिलं होतं, 'सुनंदा मावशी', आणि कुणीतरी त्याखाली एक फूल काढलं होतं. न्यायाधीशबाई मोबाईलजवळ वाकून ते वाचत होत्या. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "बोला, बाई."

मी घसा खाकरला. सदरहू मिळकतीपासून सुरुवात केली. मिळकतीची चतुःसीमा सांगितली. पहिला निकाल सांगितला. दुसरा निकाल काढणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "कायदा मला माहीत आहे. वादी तिथे राहत होत्या ह्याला पुरावा काय?"

मी तिसरा निकाल सांगितला.

"पुरावा, बाई."

माझ्याकडे नव्हता. तुम्हाला सांगते, इतकी वर्षं काळा कोट घातला, पण त्या क्षणी मला साखरेच्या डब्यात तोंड लपवावंसं वाटलं. हे काम माझ्या हातून गेलं, तर ही बाई चादरींवरून उठून कुठे जाणार, हे मला दिसत होतं. मालेगावचा नंबरही दिसत होता.

पंख्याला जोर चढला. "मॅडम, मी एक जबाबदार नागरिक आहे. ही बाई पाहुणी होती. आली, राहिली, गेली. खोली रिकामी आहे."

"त्यांचं काही सामान?"

"कसलंही सामान नाही, मॅडम. सुतळीचा तोडाही नाही."

"नाय कसं?" पांढरा सूट ओरडला. "गहू हायत माझे!"

"सुनंदाबाई, थांबा," मी म्हटलं. शेवटपर्यंत मी तेच म्हणत होते.

"कसले गहू?" न्यायाधीशबाई.

"कुरडईचे, मॅडम. भिजत घातलेले. आज बारावा दिस."

मास्कच्या वर न्यायाधीशबाईंच्या भुवया चढल्या. "बारा दिवस? आणि पाणी?"

"कोन बदलनार? कुलूप हाय ना."

"ह्या उन्हात?" न्यायाधीशबाईंनी क्षणभर डोळे मिटून घेतले. कोर्ट काय, पडदा काय, नाक तर प्रत्येकाला असतंच.

"तोच!" पंखा किंचाळला. "तोच वास! मॅडम, मला वाटलं तो विषाणू आहे! चार दिवस आम्ही खिडक्या उघडल्या नाहीत! पण मी गप्प बसलेलो नाही. मी महापालिकेला लेखी कळवलेलं आहे. पोच आहे माझ्याकडे!"

पंखा गेला आणि पडदाभर एक कागद आला. खाली जांभळा गोल शिक्का.

"इतक्या जवळून वाचता येत नाही. आपणच वाचून दाखवा."

नानांच्या आयुष्यात कुणी त्यांना अर्ज वाचून दाखवा असं म्हटलं नसावं. आवाजच बदलला. "विषय: माझे भाडेकरूचे बंद खोलीतून येणाऱ्या असह्य दुर्गंधीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, माझे घरात मागील सहा वर्षांपासून भाडेकरू असलेल्या श्रीमती सुनंदा यांचे खोलीत..."

"थांबा. पुन्हा वाचा."

"पूर्ण?"

"पहिली दोन वाक्यं."

नानांनी पुन्हा वाचलं. ह्या वेळी जास्त सावकाश, जास्त ठसठशीत, 'भाडेकरू' वर तर छान जोर देऊन. वर म्हणाले, "प्रत माहितीसाठी पोलीस ठाण्याला पण दिली आहे. त्याचीही पोच आहे."

आमच्या घरात हे दाराआडून ऐकत होते. त्यांनी तोंडात रुमाल कोंबला.

न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या, "मघाशी तर आपण पाहुणी म्हणालात."

"ते कोर्टासाठी, मॅडम," नाना म्हणाले. "हे कार्यालयासाठी."

एवढं बोलल्यावर त्यांना कळलं. पंखा परत आला आणि फिरत राहिला.

पण खरं बोलणं त्यानंतर झालं, आणि ते वकिलाचं नव्हतं. सुनंदाबाई म्हणाल्या, "मॅडम, मी शिकलेली नाय. पन तुमीच सांगा, पाव्हन्याच्या घरी कोनी कुरडईचे गहू घालतं का? तीन दिस भिजवायचे, मंग वाटायचे, मंग चीक काढायचा, मंग शिजवायचा, मंग कुरडया घालून उन्हात. आठ दिस तं कुठं जात न्हाईत. बाई कुठं बी ऱ्हाईल, कुठं बी भाकर थापील. पन गहू कवा भिजत घालती? म्होरच्या हप्त्याला आपन हितंच ऱ्हानार, ह्ये जिथं पक्कं ठाऊक हाय, तिथंच घालती."

टेबलावर माझे निकाल पसरले होते. मोठमोठ्या न्यायमूर्तींनी ताब्याबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. त्यांतल्या एकानंही इतकं नेमकं लिहिलेलं नव्हतं. आणि बाईनं हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी पलंग विचारत बसले होते.

"आपल्याला काही म्हणायचंय, बाई?" न्यायाधीशबाईंनी मला विचारलं.

"नाही, मॅडम," मी म्हटलं. माझ्या वकिलीतला तो सगळ्यात शहाणा युक्तिवाद.

हुकूम झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादीनं आपलं कुलूप काढून वादीला खोलीत जाऊ द्यावं, आणि ते बेलिफासमक्ष व्हावं. बेलिफ म्हणजे कोर्टाचा हुकूम प्रत्यक्ष जागेवर जाऊन अमलात आणणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही गेले. वकिलानं जायची काही गरज नसते, आणि माझ्या वयाच्या बाईनं तर त्या दिवसांत दाराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. हे म्हणाले, "कशाला जातेस?" मी म्हटलं, "कायद्याचं राज्य बघायला." तोंडाला मास्क, वर प्लास्टिकची ढाल, हातात हुकमाची नक्कल.

नाना दोन मास्क आणि पावसाळी रेनकोट घालून उभे होते, चैत्रवैशाखाच्या उन्हात. माझ्याकडे न बघता त्यांनी आपलं कुलूप काढलं आणि चार पावलं मागे झाले. सुनंदाबाई रात्रपाळीही करून आल्या होत्या. साधी सुती साडी, डोळ्यांभोवती चष्म्याचे वळ. कनवटीची किल्ली काढून त्यांनी आपलं कुलूप उघडलं आणि दार ढकललं.

वास आला असं म्हणणं बरोबर नाही. वास बाहेर पडला, रांगेत उभा असल्यासारखा. बेलिफ थेट फाटकाबाहेर. नाना जिना चढून गच्चीत. आणि दहा दिवस 'ताबा द्या, ताबा द्या' म्हणून कोर्टात गळा काढणारी मी पाण्याच्या टाकीमागे, ढालीवर पदर दाबून.

सुनंदाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. एकदा आत श्वास घेतला.

"आं, एवढंच?" त्या म्हणाल्या.

पदर खोचून त्या आत गेल्या. पातेलं दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणलं. क्षणभर त्यात बघितलं, तेवढ्यात चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मग ते नारळाच्या बुंध्याशी ओतून पातेलं नळाखाली धरलं. गच्चीवरून आवाज आला, "मावशी, फिनाईल टाका हो!"

"हाय का तुमच्याकडं? द्या."

थोड्या वेळानं सुतळीला बांधलेली फिनाईलची बाटली वरून हळूहळू खाली आली. सुनंदाबाईंनी ती सोडवून घेतली आणि सुतळीला दोन झटके दिले, ओढा म्हणून. आतून बादलीचा आवाज, फडक्याचा आवाज, पलंग सरकवल्याचा आवाज. फाटकाशी उभा बेलिफ घड्याळ बघत होता. त्याला वादीची एक सही हवी होती, 'ताबा मिळाला'. सहीशिवाय हुकूम कोर्टात परत जमा होणार नाही.

आवाज थांबले. मग दार लागलं, आणि आतून कडी सरकवल्याचं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, गच्चीतल्या नानांनासुद्धा.

बेलिफानं नाक धरून जाऊन कडी वाजवली. "मावशी, कोर्टाकडून आलोय. सही पाहिजे."

"उद्या या."

"अहो, एकच सही..."

"बारा दिसांनी पाय पसरलेत, दादा. उद्या."

त्यानं आणखी दोनदा वाजवलं. आतून घोरण्याचा आवाज आला, अगदी बारीक, लय धरून.

तो कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या सगळ्या नोकरीत तो ह्या जागी एकच शेरा लिहीत आला होता, दार बंद असल्यानं हुकमाची अंमलबजावणी होऊ शकली नाही. "बाई," तो म्हणाला, "सही तर मिळत नाही. काय लिहू?"

मी टाकीमागून बाहेर आले.

"लिहा," मी म्हटलं, "दार आतून बंद आहे."